कडक इस्त्री, लांबचा पल्ला

लांबच्या प्रवासाला निघताना अंगावर पांढरे, खळ दिलेले, कडक इस्त्रीचे कपडे चढवणारा आणि मुक्कामी उतरेपर्यंत त्यांची घडी मोडू नये म्हणून रात्रभर जागणारा इसम परभणी जिल्ह्यात सर्वत्र आढळतो. सेलू, मानवत, पाथरी, जिंतूर, गंगाखेड, पूर्णा, पालम, सोनपेठ, एकही तालुका त्याच्यावाचून नाही. वय साधारण चाळीस ते पासष्ट. व्यवसाय शेती, अडत, ठेकेदारी, शिक्षणसंस्था किंवा नुसतेच समाजकारण. गावात त्याला भाऊ म्हणतात; काही ठिकाणी अण्णा, नाना किंवा दाजी. ‘जगात जर्मनी अन् भारतात परभणी’ हे वाक्य तो थट्टेने उच्चारत नाही. जिल्ह्याची वेस ओलांडली की आपण जिल्ह्याचे प्रतिनिधी झालो, अशी त्याची प्रामाणिक समजूत असते, आणि प्रतिनिधीने चुरगळलेला सदरा घालून कसे चालेल?

भाऊंच्या पोशाखाचे सगळे शास्त्र एका सिद्धान्तावर उभे आहे. कपडे प्रवासासाठी नसतात, प्रवासाच्या दोन टोकांसाठी असतात. एका टोकाला पोचवायला आलेली माणसे, दुसऱ्या टोकाला घ्यायला आलेली किंवा ज्यांच्याकडे काम आहे ती. या दोघांच्या मध्ये रेल्वेचे साडेपाचशे किलोमीटर येतात, ही निव्वळ अडचण. त्या साडेपाचशे किलोमीटरांचा कपड्यांना पत्ता लागू न देणे हे खरे कौशल्य.

या कौशल्याला परंपरा आहे. सप्टेंबर १९४८ पर्यंत परभणी हैदराबाद संस्थानात होते, आणि संस्थानात माणसाची पायरी कपड्यावरून ओळखली जाई. वकील किंवा वतनदार हैदराबादला निघाला की शेरवानी आणि रुमी टोपी आलीच. खादीची टोपी दिसली की पोलिसाची नजर तिकडे वळे. १९३८ च्या स्टेट काँग्रेसच्या सत्याग्रहानंतर तर ती नजर टोपीवरून हटेचना. म्हणजे आज जो पांढरा पोशाख परभणीच्या फलाटावर वजन वाढवतो, तोच एके काळी चौकशी ओढवून घ्यायचा. भाऊंना हा इतिहास ठाऊक असतो आणि गाडी उशिरा असली तर ते तो सांगतातही.

मनमाड ते सिकंदराबाद हा मीटरगेज लोहमार्ग १९०० च्या सुमारास सुरू झाला. गाडीला कोळशाचे इंजिन असे. खिडकीशी बसलेल्या माणसाच्या सदऱ्यावर पुढच्या स्टेशनापर्यंत काळ्या कणांची रांगोळी तयार होई. मुंबईला जाणाऱ्याला मनमाडला उतरून मोठ्या रुळांची गाडी धरावी लागे, आणि ही उतरचढ १९९० च्या दशकात मार्ग रुंद होईपर्यंत चालली. मनमाडच्या नळावर तोंड धुवायचे, जोड बदलायचा आणि पुढच्या गाडीत नव्याने बसायचे, हे सोयीचे पडे. आता देवगिरी एक्सप्रेस परभणीहून थेट मुंबईला जाते. जोड बदलण्याचे कारण उरले नाही, सवय मात्र उरली. ठिकाण तेवढे मनमाडहून कल्याणला सरकले.

मधल्या काळात टेरिलीन आले. धुवा, वाळवा, घाला. इस्त्रीची भानगड नाही. प्रवासाला याहून शहाणे कापड सापडणे कठीण. त्यात इंजिनाची ठिणगी पडली की वितळून भोक पडे हा एक दोष, पण भाऊंच्या वडिलांच्या पिढीने ते टाकले त्याचे कारण वेगळे होते. टेरिलीनचा आवाज येत नाही. खळ दिलेला सुती सदरा हात उचलला की करकरतो; माणूस येतो आहे हे आधी कळते. पाठोपाठ सफारी सूट आला, तो तालुक्याच्या कार्यालयांत बराच काळ टिकला आणि पुढे लग्नाच्या आहेरापुरता उरला. पांढरे सुती कापड मात्र हटले नाही. या जिल्ह्यात त्याचे नाते जुने आहे. मानवत आणि सेलू या कापसाच्या पेठा. नांदेडच्या संशोधन केंद्राचे एनएचएच-४४ हे संकरित वाण एके काळी इथल्या रानोमाळ दिसे. कापूस इथे पिकतो, कापड इचलकरंजीहून किंवा अहमदाबादहून येते, आणि काळ्या मातीच्या जिल्ह्यात संध्याकाळपर्यंत पांढरे राहून दाखवणारा माणूस रानात वाकत नाही, हे कुणाला सांगावे लागत नाही.

सुती कापड का चुरगळते, याचे उत्तर रसायनशास्त्रात आहे. कापसाचा तंतू सेल्युलोजच्या लांब साखळ्यांचा बनलेला असतो. ओल आणि उष्णता मिळाली की साखळ्यांमधले हायड्रोजन बंध सुटतात आणि कापड सुकताना नव्या जागी जुळतात. इस्त्री याच तत्त्वावर चालते. दुर्दैवाने घामेजलेली पाठ आणि रेक्झिनचे बाकडेही याच तत्त्वावर चालतात. तीही इस्त्रीच, फक्त नको त्या आकाराची. खळ म्हणजे तंतूंवर चढवलेला पिठाचा पापुद्रा. साबुदाण्याची खळ पारदर्शक बसते, तांदळाची पेज जास्त कडक. लाँड्रीवाल्याला भाऊ एवढेच सांगतात, ‘‘उभा राहिला पायजे.’’ सदरा जमिनीवर ठेवला तर आपल्या बळावर उभा राहिला पाहिजे, असा याचा अर्थ. लाँड्रीवाला तसा तो करूनही देतो.

प्रवासाच्या आदल्या दिवशी घरात दोन जोड येतात. एक अंगावरचा, एक वर्तमानपत्रात गुंडाळलेला. दुसरा जोड बॅगेत जात नाही. तो हँगरला लावून, वर लाँड्रीची पिशवी चढवून हातात धरला जातो, आणि रिक्षात त्याला वेगळी जागा मिळते. भाऊंच्या मुलाला मिळत नाही.

खिशाचे बारकाईने निरीक्षण करण्यासारखे आहे. पांढऱ्या सदऱ्याचा वरचा खिसा पातळ असतो आणि त्यात काय आहे ते बाहेरून दिसते. ते दिसावे यासाठीच तो असतो. पाचशेच्या नोटेची घडी गांधीजींचा चेहरा बाहेर येईल अशी ठेवलेली. तिच्यामागे एक छोटी डायरी, पेन, आणि ज्या साहेबांना भेटायचे त्यांचे कार्ड. प्रवासाचे खरे पैसे आतल्या बंडीच्या चोरखिशात असतात आणि तो खिसा सेफ्टी पिनने बंद केलेला असतो. तिकीट मोबाइलमध्ये असते. तरीही त्याची छापील प्रत डायरीत असते, कारण तिकीट तपासनिसाने मागितले आणि खिशातून कागद निघाला की एक शान येते, मोबाइल चाचपत बसण्यात ती नाही.

परभणीच्या फलाटावर भाऊ गाडीच्या तासभर आधी हजर होतात. पहिले टोक हेच. ओळखीचे माणूस भेटणारच.

‘‘भाऊ, कुठं निघालाव?’’

‘‘मुंबई.’’

‘‘मंत्रालय का?’’

भाऊ मान हलवत नाहीत आणि नाकारतही नाहीत. काम टाटा रुग्णालयात मेहुण्याला भेटण्याचे असू शकते, मुलाच्या प्रवेशाचे असू शकते. कपडे मंत्रालयाचे असतात. एखादा उत्साही कार्यकर्ता झेंडूचा हार घेऊन येतो. हार हा पांढऱ्या सदऱ्याचा पहिला शत्रू. झेंडूचा पिवळा रंग ओल्या पाकळ्यांतून कॉलरवर उतरतो आणि लवकर जात नाही. अनुभवी भाऊ म्हणून हार गळ्यात पडण्याआधीच दोन्ही हातांनी झेलतात आणि तो आणणाऱ्याच्याच गळ्यात घालतात. लोक याला मनाचा मोठेपणा म्हणतात.

गाडी सुटली, पूल ओलांडला, डब्यात ओळखीचे कुणी नाही याची खात्री झाली, की दहा मिनिटांत भाऊ नाहीसे होतात. त्यांच्या जागी चौकड्याची लुंगी आणि बंडी घातलेला, खांद्यावर दस्ती टाकलेला एक सामान्य माणूस बसलेला असतो. कडक जोड हँगरसकट खिडकीजवळच्या हुकाला लटकतो आणि गाडीच्या तालावर डोलतो. त्याच्याखाली कुणी बसू नये अशी भाऊंची अपेक्षा असते. भारतीय रेल्वेत ती पूर्ण होत नाही. मग डबा उघडतो. धपाटे, शेंगदाण्याची चटणी, मिरचीचा ठेचा, कांदा. प्रवासाला धपाट्यासारखे अन्न नाही, दोन दिवस टिकते आणि थंडच चांगले लागते. पण त्याला तेल असते, आणि समोरच्या बाकावरचा माणूसही जेवत असतो. चटणीच्या तेलाचा एक थेंब आणि हुकावरचा सदरा यांच्यामध्ये रात्री दहा वाजता जेमतेम दीड हाताचे अंतर असते. भाऊ जेवत नाहीत, पहारा करतात. घरच्या बाईंनी डबा भरताना विचारलेले असते, ‘‘आवो, गाडीत कोण बघायलंय तुमाला?’’ या प्रश्नाला उत्तर नाही, कारण तो बरोबर आहे.

रात्री चपला उशाला. रेल्वेत इतर काही गेले तर तक्रार करता येते, पण कोल्हापुरी गेली तर दुसऱ्या टोकाला अनवाणी उतरावे लागेल आणि मग सदऱ्याचा उपयोग काय?

खरा कस पहाटे लागतो. परभणीची हवा वर्षातले बरेच महिने कोरडी, ती खळीला मानवते. कसारा घाट उतरला की कोकणपट्टीची दमट हवा डब्यात शिरते. पिठाचा पापुद्रा ओल शोषतो आणि मऊ पडतो. परभणीत उभा राहणारा सदरा कल्याणला येईपर्यंत खांदे पाडतो. अनुभवी माणूस म्हणून इगतपुरीलाच तो पुन्हा वर्तमानपत्रात गुंडाळतो आणि गादीखाली दाबतो. कल्याण जवळ आले की शौचालयापुढे रांग लागते. आत गेल्यावरची पद्धत ठरलेली आहे. आधी चपला काढायच्या आणि त्यांच्यावर उभे राहायचे. फरशी ओली असते. विजारीचे दोन्ही पाय गुडघ्यापर्यंत गुंडाळून घ्यायचे, एकेक पाय आत घालायचा, कंबर बांधेपर्यंत गुंडाळी सोडायची नाही. नाडीचे टोक दातांत. डावा हात कडीला, कारण गाडी रूळ बदलते आहे. सदरा शेवटी, डोक्यावरून न घेता बटणे उघडून, जसा डॉक्टर कोट घालतो तसा. बाहेरून दारावर थापा पडत असतात. आतून ‘‘झालं झालं’’ असे उत्तर येते आणि आणखी सात मिनिटे जातात. दार उघडते तेव्हा भाऊ बाहेर येतात, आणि रांगेतला माणूस नकळत बाजूला होतो.

दादरला उतरल्यावर एक लोकल येते आणि हे सगळे चार मिनिटांत संपते. त्याबद्दल भाऊ गावी कधी बोलत नाहीत.

बाईमाणसांची रीत नेमकी उलट आहे आणि ती अधिक शहाणपणाची आहे. प्रवासाला जुनी, गडद रंगाची, छापील सिंथेटिक साडी, जिच्यावर चहा सांडला तरी नक्षीत भर पडते. चांगली इरकल किंवा पैठणी बॅगेच्या तळाशी, सपाट, मलमलच्या कापडात. स्टेशनवर कोण काय म्हणेल याची फिकीर नाही. मुक्कामी पोचून अंघोळ करून साडी बदलली की झाले. भाऊंना हे सांगून पाहिलेले असते. त्यांचे म्हणणे, बाप्याला बॅगेच्या तळातून कपडा काढताना कुणी बघितले तर बरे दिसत नाही.

उत्तरेकडचा प्रवास या शास्त्राची दुसरी परीक्षा घेतो. नांदेडहून परभणीमार्गे अमृतसरला जाणारी सचखंड एक्सप्रेस साधारण दोन हजार किलोमीटर आणि दीड दिवस धावते. या गाडीतल्या प्रवाशांना वाटेतल्या काही स्थानकांवर लंगर मिळतो आणि जाणकार घरून ताट-वाटी घेऊन बसतात. कढी-भात प्रेमाने वाढला जातो. कढी पिवळी असते. हळदीचा डाग साबणाने उलट तांबडा होतो, कारण हळदीचा रंग क्षारात बदलतो, आणि तो उन्हात टाकल्यावरच उतरतो. धावत्या गाडीत ऊन खिडकीएवढेच. या मार्गावर भाऊ पांढऱ्याऐवजी बदामी रंगाला मान्यता देतात. जिल्ह्याच्या वेषशास्त्रातली ही एकमेव सवलत.

पांढऱ्या कपड्यात लांबचा पल्ला खरोखर मारणारी माणसे जिल्ह्यातून दर आषाढीला जातात, हे इथे नोंदवायला हवे. शेगावची गजानन महाराजांची पालखी परभणी, गंगाखेड, परळी करत पंढरपूरला पोचते. सातशे किलोमीटरच्या वर, सगळे पायी. वारकऱ्यांचे धोतर, सदरा, टोपी पांढरीशुभ्र, आणि पावसा-चिखलातून महिनाभर चालूनही ओळी पांढऱ्याच दिसतात. खळ नाही, इस्त्री नाही. रोज मुक्कामी धुऊन दोरीवर टाकलेले कपडे. भाऊ पालखीच्या स्वागताला रस्त्यावर उभे असतात. पाया पडताना गुडघ्याखाली दस्ती अंथरतात.

नव्या पिढीचे थोडक्यात सांगता येते. पुण्याच्या रात्रीच्या ट्रॅव्हल्समध्ये ट्रॅक पँट, टोपीचा स्वेटर आणि रबरी चपला घालून चढणारा मुलगा हा भाऊंचाच मुलगा असतो. तो आडवा होतो, झोपतो, सकाळी स्वारगेटला ताजातवाना उतरतो. पोशाख म्हणून यात सांगण्यासारखे काही नाही, आणि प्रवास म्हणून चूक काढण्यासारखेही.

हाच मुलगा पुढे जर्मनीला शिकायला किंवा नोकरीला जातो आणि आईवडिलांना बोलावतो. भाऊंच्या शास्त्राचे अखेरचे प्रकरण इथून सुरू होते. चौकात फलक लागतो, ‘परदेश दौऱ्यास हार्दिक शुभेच्छा’. फलकावर भाऊ ब्लेझरमध्ये. तो ब्लेझर मेमध्ये, पारा बेचाळीसच्या वर असताना, परभणीतच अंगावर चढवावा लागतो, कारण फलकाशी मेळ बसला पाहिजे. बाईंचा प्रश्न वेगळा. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा पंजाबी ड्रेस शिवून घेतलेला असतो. तो परभणीत घालायचा नाही. घरून साडीतच निघायचे, मुंबईला नणंदेच्या घरी दार लावून ड्रेस घालायचा, वर स्वेटर, पायात मुलाने पाठवलेले बूट, गळ्यात मंगळसूत्र ड्रेसच्या बाहेर. आरशात एकदा बघून त्या म्हणतात, ‘‘फोटो काढू नका.’’ विमानात त्या दोघांत आरामात त्याच असतात.

विमानतळावर धातू शोधणाऱ्या चौकटीतून भाऊ जातात आणि चौकट वाजते. पट्टा काढला, अंगठ्या काढल्या, पेन काढले, तरी वाजते. कमरेचा चांदीचा करदोडा लहानपणापासून तिथे आहे आणि तो धातू आहे हे भाऊंच्या कधी लक्षातच आलेले नसते. चोरखिशाच्या सेफ्टी पिनचाही तिथेच उलगडा होतो. इन केलेला सदरा तपासणी अधिकाऱ्यासमोर बाहेर निघतो आणि घरापासून सांभाळलेली घडी मोडते.

मुंबई ते फ्रँकफर्ट विमानाला नऊ तासांच्या आसपास लागतात. विमानातली हवा परभणीच्या एप्रिलमधल्या दुपारसारखी कोरडी, सापेक्ष आर्द्रता सहसा २० टक्क्यांच्या खाली. खळीला याहून चांगले हवामान नाही, कपडा टिकतो. शरीर टिकत नाही. तासन्‌तास पाय लोंबकळत राहिल्याने पाणी घोट्यांत उतरते आणि पाय सुजतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या अहवालानुसार चार तासांपेक्षा लांबच्या प्रवासात शिरेत रक्ताची गाठ होण्याचा धोका दुपटीने वाढतो, तरीही तो सहा हजारांत एक इतकाच राहतो. म्हणून घोटे हलवावेत, उठून फिरावे, घट्ट कपडे टाळावेत. भाऊंचा पट्टा फलकाच्या फोटोसाठी एक भोक आत ओढलेला असतो. नवे चामडी बूट वाटेत काढले जातात आणि फ्रँकफर्टला पायात शिरायला नकार देतात. मुलगा घ्यायला येतो तेव्हा वडील ब्लेझर, टाय आणि विमानातल्या मोज्यांवर उभे असतात, बूट हातात.

परतीच्या प्रवासाला नियम वजनाचे असतात. बहुतेक कंपन्या साध्या तिकिटावर एका बॅगेला २३ किलो देतात. मुलाने दिलेली चॉकलेटे, नातवाच्या फोटोची चौकट, जर्मन सुऱ्यांचा संच आणि शेजाऱ्यांसाठीचे साबण इतकी जागा खातात, की हिवाळी जाकीट बॅगेत मावत नाही. ते अंगावर घालावे लागते. जूनच्या सुरुवातीला, पाऊस पडायच्या आधी, भाऊ ते घालून परभणीच्या फलाटावर उतरतात. घ्यायला आलेल्यांपैकी कुणीतरी विचारतेच, उकडत नाही का? भाऊ सांगतात, तिकडं लई थंडी हाय. पुढचे सहा महिने जाकीट कपाटात राहते. डिसेंबरात कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेत पारा एक आकडी होतो, तेव्हा ते पहाटे स्टेशन रोडच्या चहाच्या टपरीवर दिसते आणि अत्यंत योग्य ठरते. त्यातच भाऊ जानेवारीत देवगिरीने मुंबईला निघतात. कल्याणला आतला सदरा घामाने भिजलेला असतो, पण जाकीट काढता येत नाही, कारण ते काढले तर सदऱ्याची अवस्था दिसेल.